लाटेवरची फळी : कोणाला कोणती?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. त्या मासळी विकतात. गेल्या दोन वर्षांत त्या लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांचा थोरला मुलगा गोव्याला, किनाऱ्यावरच्या एका दुकानात कामाला आहे. तिथे पर्यटक येतात. फळी घेऊन समुद्रात शिरतात. लाट आली की फळीवर उभे राहतात आणि लाटेबरोबर घसरत किनाऱ्याकडे येतात. ह्या खेळाला सर्फिंग म्हणतात. त्या फळीला म्हणतात सर्फबोर्ड. आपण तिला नुसती फळीच म्हणू.

एके दिवशी मावशींनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. पांढरी, टोकदार, सुरीसारखी पातळ फळी होती. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, जरा बघा हो. पोरगा म्हणतो, ही घेतो. जुनी आहे, पण स्वस्तात मिळतेय. तीन महिन्यांचे पैसे साठवलेत त्याने. घेऊ दे का?"

आता मला त्यातले काय कळणार? मी सारा जन्म मुलांना गणित आणि भूगोल शिकवला. पण प्रश्न खरा होता. पैसा घामाचा होता. शिवाय गाठ समुद्राशी होती. म्हणून मी वाचले, चार जाणत्यांना विचारले आणि दोन दिवस गोव्याला जाऊन किनाऱ्यावर बसलो. जे कळले ते ह्या पाठात लिहितो.

पहिल्याच सकाळी मला एक गोष्ट पाहायला मिळाली. दोन तरुण शिकायला आले होते. दोघे मित्र. वय सारखे, अंगकाठी सारखी. एकाने हट्टाने सहा फुटी, अरुंद, पातळ फळी घेतली. दिसायला मोठी देखणी! दुसऱ्याला तिथल्या शिकवणाऱ्या पोराने आठ फुटी फळी दिली. ती रुंद होती, जाड होती, वरून मऊ होती. रंगही उडालेला. पहिला मित्र तिला पाहून हसला. म्हणाला, "हा तर दरवाजा आहे!"

दोघे पाण्यात गेले. सहा फुटीवाला फळीवर नुसता पालथा पडायला गेला, तोच गडगडला. पुन्हा चढला, पुन्हा गडगडला. कसाबसा पालथा पडून तो हाताने पाणी मारू लागला, तर फळी जागची हलेना. लाट यायची, त्याच्या खालून निघून जायची. दोन तास त्याने धडपड केली. शेवटी वाळूवर येऊन बसला. हात वर उचलवत नव्हते त्याला.

दुसराही पडला. दहा-बारा वेळा तरी पडला असेल. पण फळी त्याला घेऊन पळत होती. लाट मागून आली की तो पुढे ढकलला जाई. आधी तो गुडघ्यांवर आला. मग एकदा उभा राहिला. तीन-चार पळेच! पण असा ओरडला, की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली.

पहिल्याच्या अंगात जोर कमी नव्हता. त्याची फळीही चांगली होती, महागाची होती. पण ती त्याच्यासाठी नव्हती. शर्यतीची बैलजोडी पाहायला छान असते. ज्याने कधी कासरा धरला नाही, त्याच्या हाती ती कोणी देतो का? त्याला आधी घरचा शांत, म्हातारा बैल देतात. तो बैल चुका पोटात घालतो. रुंद फळीही तशीच चुका पोटात घालते.

असे का होते, ते पाहू.

लाटेवर स्वार व्हायचे म्हणजे काय करायचे? फळीवर पालथे पडायचे. तोंड किनाऱ्याकडे. मागून लाट येताना दिसली की दोन्ही हातांनी पाणी मागे मारायचे. फळीला वेग आला पाहिजे. चालत्या एसटीत चढणारा माणूस चार पावले गाडीबरोबर पळतो ना, तसे. जागेवर उभा राहून तो चढू शकत नाही. फळीला वेग असला तर लाट तिला उचलते आणि पुढे नेते. वेग नसला तर लाट खालून निघून जाते.

लांब आणि रुंद फळी पाण्यात थोडी बुडते. पाणी तिला कमी अडवते. म्हणून थोड्या जोरात ती पळू लागते आणि लहान, मवाळ लाटही तिला पुरते. आखूड फळी पाण्यात जास्त बुडते. तिला पळवायला हात तयार लागतात. लाटही उंच आणि उभ्या चढणीची लागते. तशी लाट फुटायच्या बेताला आली की एका क्षणात उठून उभे राहावे लागते. नवशिक्याला हे कुठून जमणार?

मग आखूड फळी बनवतात तरी कशाला? वळण्यासाठी. तरबेज माणूस लाटेच्या अंगावर सरसर वर चढतो, गर्रकन वळतो, खाली येतो. लांब फळी अशी वळत नाही. ती मालगाडीसारखी सरळ जाते. पण शिकणाऱ्याला सरळ जाणारीच हवी. वळायचे नंतर, आधी उभे राहायचे.

दुकानात फळीवर आकडे लिहिलेले असतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत. शेवटी एक आकडा लिटरचा असतो. मला आधी वाटले, हिच्यात पाणी भरतात की काय! तसे नाही. फळी किती जागा व्यापते, त्याचे हे माप आहे.

लग्नकार्यात तुम्ही पाण्याचा वीस लिटरचा जार पाहिला असेल. तो रिकामा करा, बूच घट्ट लावा आणि विहिरीत खाली दाबून पाहा. दबता दबत नाही. वर उसळी मारतो. कारण तो वीस लिटर पाणी बाजूला सारतो, आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणून तो सुमारे वीस किलो भार पाण्यावर तोलून धरतो. असे चार जार एकत्र बांधले तर ऐंशी किलो. (समुद्राचे पाणी खारे, थोडे जड. ते किंचित जास्तच तोलते.)

आता हिशेब करा. मावशींच्या मुलाचे वजन ६० किलो. फळीचे स्वतःचे वजन ५ किलो धरू. एकूण ६५ किलो. फळी ८० लिटरची असेल तर ती त्याला सहज वर ठेवते, शिवाय ताकद शिल्लक राहते. आणि फोटोतल्या फळीवर आकडा होता २६ लिटरचा! त्या फळीवर तो बसला तर कमरेच्या वर पाण्यात जाईल. हा आकडा मावशींनी स्वतः वाचला. मी फक्त वजाबाकी करायला सांगितली.

मग तरबेज माणूस २६ लिटरच्या फळीवर उभा कसा राहतो? वेगावर. चपटी खापरी पाण्यावर जोरात फेकली तर ती टप्पे घेत जाते. हळूच ठेवली तर बुडते. लाटेवर असते तोवर आखूड फळीही पाण्याच्या वर राहते. पण तो वेग येईपर्यंत सगळा भार खेळणाऱ्याच्या दंडांवर असतो.

जाणत्यांनी मला मोटा हिशेब सांगितला तो असा. शिकणाऱ्याचे जेवढे किलो वजन, निदान तेवढे लिटर फळीला हवेत. थोडे जास्त असले तर उत्तमच. लांबी आपल्या उंचीपेक्षा दोन ते तीन फूट जास्त. रुंदी २२ इंच किंवा अधिक. जाडी तीन इंचांच्या आसपास. साधारण बांध्याच्या माणसाला आठ फुटी फळी चालते. ऐंशी-नव्वद किलोचा गडी असला तर नऊ फुटी घ्यावी. वरून मऊ फोम असलेली सगळ्यात बरी. कारण पहिले काही दिवस फळी तुमच्या डोक्यावर बसणार आहे. कधी दुसऱ्याच्याही बसेल.

आता थोडा भूगोल. जुनी सवय, सुटत नाही.

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई नावाची बेटे आहेत. १९५९ पासून ते अमेरिकेचे एक राज्य आहे. पूर्वी तिथे तिथल्या लोकांचेच राजे होते. त्या भागातल्या बेटांवर हा खेळ फार जुना, आणि हवाईत तो सर्वांत वाढला. १७७९ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जेम्स किंग नावाच्या अधिकाऱ्याने तिथले लोक लाटांवर फळ्या घेऊन कसे खेळतात ते लिहून ठेवले. तिथल्या भाषेत ह्या खेळाला 'हेए नालू' म्हणतात. म्हणजे लाटेवरून घसरणे.

त्या लोकांकडे एकच फळी नव्हती. लहान पोरांना 'पायपो' नावाची आखूड फळी. तिच्यावर पोट टेकून पडायचे, उभे राहायचे नाही. पुष्कळ लोक वापरत ती 'अलाया'. ती पातळ, माणसाच्या उंचीहून लांब. सरदार आणि राजे लोकांची ती 'ओलो'. ही फार लांब, जाड आणि जड. पाकी नावाच्या एका सरदाराची फळी होनोलुलू शहराच्या बिशप म्युझियममध्ये ठेवली आहे. ती सुमारे १६ फूट लांब आहे. एकट्याने उचलायची म्हटली तर कंबर धरेल.

लाकूडही बघून घेत. अलायाला कोआचे किंवा नीरफणसाचे लाकूड. कोआ हे आपल्या बाभळीच्या नात्यातले झाड. नीरफणस तर कोकणात परसदारी असतोच, त्याची कापे आपण तळून खातो. ओलो करायची ती विलिविली नावाच्या झाडाची. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचे भावंड. अंगाला तसेच काटे, लाकूड तसेच हलके. होडीच्या उलांडीलाही ते लोक हेच लाकूड वापरत. इतक्या दूरच्या बेटावर पांगाऱ्याचा भाऊ निघाला, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

ह्याच बेटांवर ड्यूक कहानामोकु नावाचा एक नामांकित पोहणारा झाला. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पुढे देशोदेशी जाऊन त्याने लोकांना फळीचा खेळ दाखवला. १९२५ सालच्या जून महिन्यात तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर होता. समुद्र खवळला होता. 'थेल्मा' नावाची बोट माणसांसह उलटली. ड्यूकने आपली फळी उचलली आणि त्या लाटांत शिरला. बुडणाऱ्यांना फळीवर घ्यायचे, किनाऱ्याला आणायचे, परत जायचे. तीन खेपांत त्याने एकट्याने आठ जणांना वाचवले. त्याच्या सोबत्यांनी आणखी चौघांना आणले. पाच माणसे मात्र गेली. त्या दिवसानंतर फळी हे जीव वाचवायचेही साधन आहे, हे तिकडच्या लोकांना पटले.

ह्याच ड्यूकने पुढे १९३० च्या सुमारास स्वतःसाठी १६ फुटी फळी केली. वजन पन्नास किलोंच्या वर! ती त्याला पेलत होती. तीच फळी तुमच्या-माझ्या हातून लाटेत सुटली असती तर कोणाचे तरी हाड मोडले असते. म्हणजे मोठी फळी घ्या असे मी म्हणतो, तेही आजच्या हलक्या फळीबद्दल, हे ध्यानात असू द्या.

आजची फळी लाकडाची नसते. १९५० नंतरच्या दहा वर्षांत फोमच्या फळ्या आल्या. आत फोम, वर काचेच्या धाग्यांचे कापड आणि त्यावर राळेसारखा कडक लेप. मधोमध पुष्कळदा लाकडाची एक उभी पट्टी असते, मजबुतीसाठी. फळीच्या खाली शेपटीकडे पाती असतात. ती सुकाणूचे काम करतात. पाते लावायची युक्ती टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३५ साली काढली. त्याआधी फळी मागून आडवी घसरायची. शिकणाऱ्याने मऊ रबरी पाती घ्यावीत. कडक पात्याने मांडी चिरलेली माणसे मी पाहिली आहेत.

आणखी एक वस्तू म्हणजे पायदोरी. तिचे एक टोक फळीला, दुसरे मागच्या पायाच्या घोट्याला. दोरी फळीइतकी लांब हवी. आखूड असली तर पडल्यावर फळी उसळून अंगावर येते. जॅक ओनील नावाचा गृहस्थ ह्या खेळाचे कपडे बनवणारा, मोठा जाणता माणूस. १९७० नंतर पायदोऱ्या नव्यानेच निघाल्या, तेव्हा त्या फार ताणल्या जात. अशाच एका दोरीने फळी परत ओढली गेली आणि त्याचा एक डोळा गेला. आताच्या दोऱ्या सुधारल्या आहेत. तरी पाण्यात पडलात तर वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे. आणि लाट येत असताना फळी कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवी धरायची नाही. लाट ती तुमच्या छातीत मारते.

पोहता येत नसेल तर फळीला हातच लावू नये. दोरी तुटते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर नवशिक्याने उतरूच नये. जून-जुलैत होड्यासुद्धा वर ओढून ठेवतात, त्याला कारण आहे. दिवाळीनंतर समुद्र मवाळ होतो. कमरेएवढ्या पाण्यात, लाट फुटून पांढरा फेस होतो तिथे शिकावे. पाणी आत ओढू लागले तर फळी सोडायची नाही, ओढीशी झगडायचे नाही. फळीवर पडून आधी किनाऱ्याला समांतर जायचे, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे वळायचे.

आता जुनी फळी घ्यायची तर काय बघायचे? सगळीकडून अंगठ्याने दाबत जा. कुठे दबली, पोकळ लागली, तर वरचा लेप आतल्या फोमपासून सुटला आहे. ती घेऊ नका. तडे बघा. तड्यातून पाणी आत जाते, फोम ते पितो आणि फळी जड होते. त्याच मापाची दुसरी फळी दुसऱ्या हातात धरून वजन ताडून बघा. पात्यांच्या मुळाशी चीर आहे का ते बघा. पिवळा रंग उन्हाने येतो. थोडा असेल तर चालेल. घरी आणलेली फळी उन्हात टाकू नये. तापली की फुगते आणि लेप सुटतो.

आखूड फळीवर कधी जायचे? दुसऱ्याने न ढकलता, न फुटलेली लाट स्वतः पकडता आली, उभे राहून तिच्या अंगाने आडवे जाता आले, आणि हे एकदा नव्हे, रोज जमू लागले, की मग. तेव्हाही आठ फुटांवरून एकदम सहा फुटांवर उडी नको. साडेसात, मग सात, असे उतरावे. पुष्कळ लोक लांब फळीवरच आयुष्यभर आनंदाने खेळतात. लांब फळी नवशिक्याचीच, असे मुळीच नाही.

तुमच्या हातातले हे पुस्तक मोठ्या अक्षरांत छापले आहे. वर्तमानपत्राची अक्षरे बारीक असतात. तुम्ही मोठ्या अक्षरांपासून सुरुवात केली, म्हणून तुम्हाला कोणी हसते का? मावशींना मी एवढेच म्हणालो. त्यांना लगेच पटले.

मग मावशींनी मुलाला पत्र लिहिले. फोनवर बोलल्या असत्या तरी चालले असते, पण त्या म्हणाल्या, "बोललेले तो विसरतो. लिहिते." कागदावर त्यांनी आठ ओळी लिहिल्या. फळी आताच विकत घेऊ नको. तुझ्याच दुकानात आठ फुटी आहे. मालकाला विचार, सकाळी गिऱ्हाईक नसते तेव्हा ती वापर. चेन्नईजवळ कोवळम गावात कोळ्यांचीच पोरे फळी शिकली आणि आता इतरांना शिकवून पैसे मिळवतात, असे गुरुजी सांगतात. आणि ती पांढरी फळी अंगठ्याने दाबून बघ. एवढे लिहून त्यांनी कागदाचा फोटो पाठवला. 'अंगठ्याने' शब्दावरचा अनुस्वार राहिला होता, तो मी घालायला लावला.

चार दिवसांनी उत्तर आले. पांढरी फळी शेपटीकडे दबत होती. त्याने ती घेतली नाही. मालक हो म्हणाला आहे. आता रोज सकाळी सहा ते आठ तो पाण्यात असतो.

मावशींनी परत लिहिले, "उभा राहिलास का?"

उत्तर आले, "गुडघ्यावर."